शिकागोत भेटलेलं अथेन्सचं विद्यापीठ

विट्यात परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मॅडम, अमेरिकेत काय काय पाहिलं?" मी खरं तेच सांगते, "अथेन्सचं एक विद्यापीठ पाहिलं." समोरच्याला वाटतं, विमानप्रवासाने मॅडमचं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं समजावणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी विट्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवते. आमचा भाग गलाईवाल्यांचा. जुने दागिने वितळवून त्यांतलं सोनं-चांदी शुद्ध करायची हा धंदा घेऊन आमची माणसं देशभर गेली. माझे वडील कोइमतूरला भट्टीवर होते. घरात पहिली पदवी माझी. दहावीला चांगले मार्क असूनही मी कॉमर्स घेतलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी आईला विचारलं होतं, "का हो, मार्क कमी पडले का?" आमच्याकडे हुशार पोरं सायन्सला जातात, आणि उरलेल्यांनी निदान कुठेतरी जायला हवं म्हणून कॉमर्स असतं.

त्यामुळे गलाईच्या धंद्यावर पीएच.डी. करताना मला जेव्हा कळलं की अथेन्समध्ये फक्त अर्थशास्त्र आणि व्यापार शिकवणारं एक सबंध विद्यापीठ आहे, शंभर वर्षांचं, सरकारी, आणि तेही राजधानीच्या भर रस्त्यावर, तेव्हा मला कोण आनंद झाला! हे विद्यापीठ दर वर्षी बाहेरच्या एका संशोधकाला वर्षभरासाठी बोलावतं. यंदाची निवड शिकागोच्या एका विद्यापीठासोबत भरवलेल्या कार्यशाळेत होणार होती. आम्हा काही जणांना बोलावणं आलं. जागा एकच. ती मला हवी होती, इतकी की हे कुणाला बोलून दाखवायचीसुद्धा भीती वाटत होती.

नेपरव्हिल

उतरले मंगलकाकूंकडे. काकू आमच्या प्राचार्यांच्या चुलतबहीण. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये त्यांचं घर आहे. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. गाडी त्यांच्या गल्लीत वळली आणि मी दचकलेच. एका अंगणात माणसाच्या हाडांचा सापळा खुर्ची टाकून बसला होता. पुढच्या अंगणात दोन सापळे होते आणि त्यांच्यासोबत सापळ्याचं कुत्रं.

"हॅलोविन गं," काकू म्हणाल्या. "घाबरू नकोस. आपल्याकडेपण आहे एक."

काकूंच्या दारात खरोखरच एक सापळा उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर दिवाळीचा आकाशकंदील लटकत होता. "दोन्ही एकाच आठवड्यात आले," काकू म्हणाल्या. "एकाला काढून दुसऱ्याला कुठं लावत बसू?"

काकूंची मुलगी रिया इथेच जन्मलेली. फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला मिठी मारली आणि इंग्रजीत सुरू झाली. काकू मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींना यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी मात्र मधे बसून मान इकडून तिकडे फिरवत होते. जेवायला काकूंनी थालीपीठ केलं होतं. त्यात झुकिनी नावाची काकडीची परदेशी बहीण किसून घातलेली. झकास लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुमजली रेल्वेने शहरात गेले. वरच्या मजल्यावर एकेकट्या सीटची रांग असते. तिथे बसून मी घरांच्या मागच्या अंगणातली लाल-पिवळी झाडं पाहत राहिले. झाडं इतकी लाल होऊ शकतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारणीला मी "कुठं उतरणार?" असं विचारलं, तर तिने आधी कानातलं यंत्र काढलं, मग हसली, आणि मी विचारलं नव्हतं तेही सगळं सांगितलं. माणसं बोलायला तयार असतात, फक्त कुणीतरी सुरुवात करावी लागते.

फिरतं दार

विद्यापीठाच्या इमारतीला फिरतं काचेचं दार होतं. मी आत शिरले, दारासोबत चालत राहिले आणि पुन्हा बाहेर रस्त्यावर आले. वारा असा की डोळ्यांतून पाणी. परत आत शिरले. या वेळी आतून एका दाढीवाल्या मुलाने हात पुढे केला आणि मला अलगद आत ओढलं.

"पहिल्या फेरीत कुणीच आत येत नाही," तो म्हणाला. "मी निकोस. अथेन्सहून आलोय."

निकोस त्या विद्यापीठातच पीएच.डी. करत होता. त्याने मला लगेच सगळं सांगून टाकलं. तिथे पदवीला फी नाही, पुस्तकंसुद्धा फुकट मिळतात. भिंती पोस्टरांनी इतक्या भरलेल्या की मूळ रंग कुठला हे कुणालाच आठवत नाही. मोर्चा निघाला की वर्गातूनच ऐकू येतो. "आणि बऱ्याचदा वर्गच मोर्च्यात गेलेला असतो," तो म्हणाला. मला तर कधी एकदा तिथे जाते असं झालं.

इतक्यात प्राध्यापक एलेनी आल्या. वय माझ्या आईएवढं, आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. निवड त्याच करणार होत्या. त्या खोलीत शिरताच मी ताडकन उभी राहिले. बाकी सगळे बसून. एलेनींनी मागे वळून पाहिलं, आपल्या मागून कोणी मोठा माणूस येतोय की काय म्हणून.

"मला एलेनी म्हण," त्यांनी सांगितलं. मला कसं जमावं! आईएवढ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची? मी दिवसभर त्यांना कुठलीच हाक न मारता बोलत राहिले, जे फार अवघड काम आहे. शेवटी निकोसनेच सोडवलं. "आमच्या आजीच्या वयाच्या शेजारणीला आम्ही 'कीरिया' लावून मग नाव घेतो," तो म्हणाला. म्हणजे एलेनीबाईच झालं की! दुसऱ्या दिवसापासून मी 'कीरिया एलेनी' म्हणू लागले. त्या हसल्या, "मला एकदम म्हातारी केलंस," पण त्यांना आवडलं असावं.

शाल आणि नारळ

तिसऱ्या दिवशी एलेनीबाईंचं त्यांच्या विद्यापीठाच्या इतिहासावर व्याख्यान होतं. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्याखाली एवढंच छापलं होतं: 'त्यानंतर वैशाली', म्हणजे मी.

आता, आमच्या कॉलेजात पाहुण्यांच्या व्याख्यानानंतर सगळ्यांत कनिष्ठ शिक्षकाचं नाव असेल, तर त्याचा अर्थ एकच असतो. आभारप्रदर्शन! गेली कित्येक वर्षं आमच्या कॉलेजातले सगळे आभार मीच मानत आले आहे. मला फार बरं वाटलं, की इतक्या लांब येऊनसुद्धा ही जबाबदारी त्यांनी विश्वासाने माझ्यावर टाकली. शाल मी विट्याहून आणलीच होती. काकूंसोबत भारतीय सामानाच्या दुकानात जाऊन चांगला शेंडीवाला नारळ निवडला.

व्याख्यान मात्र असं झालं की मी वहीत लिहायचंही विसरले. एलेनीबाई म्हणाल्या, जुना ग्रीक व्यापार मामांवर चालायचा. ओडेसा, अलेक्झांड्रिया, स्मिर्ना, प्रत्येक बंदरात कुणाचा तरी मामा बसलेला असायचा आणि गावाकडून भाचा त्याच्याकडे पाठवला जायचा. हिशेब, भाषा, माणूस ओळखणं, सगळं मामाच्या पेढीवर. मग गेल्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्समध्ये व्यापाराचं उच्च शिक्षण देणारी शाळा निघाली. पाठोपाठ समुद्रापलीकडून, तुर्कस्तानातून, लाखो निर्वासित आले, जुनी बंदरं सुटली. शाळेच्या नावात पुढे अर्थशास्त्र आलं, बऱ्याच वर्षांनी ती विद्यापीठ झाली. तिथून बँकांना माणसं गेली, मंत्रालयांना गेली. अलीकडच्या आर्थिक संकटात तिथलेच काही अर्थतज्ज्ञ सरकारात बसलेले होते आणि तिथलीच मुलं रस्त्यावर त्यांच्याविरुद्ध घोषणा देत होती. "थोडक्यात," त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेने मामाला निवृत्त केलं. त्याच्या जागी प्रमाणपत्र बसवलं."

टाळ्या झाल्या. माझं नाव पुकारलं गेलं.

मी पुढे गेले. शाल उलगडून एलेनीबाईंच्या खांद्यावर घातली, दोन्ही हातांनी नारळ दिला. मग विद्यापीठाचे, आयोजकांचे, वेळात वेळ काढून आलेल्या श्रोत्यांचे, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांचे आणि कॉफीची सोय करणाऱ्यांचे आभार मानले. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा मुलगा मागे बसला होता. आपला उल्लेख झाला म्हणून तो उभा राहून वाकला. मी समाधानाने खाली बसले.

एलेनीबाई शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होत्या.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "आणि आता तुझा विरोध?"

निकोसने वाकून कानात सांगितलं, "आमच्या विभागाची रीत आहे. व्याख्यानानंतर ज्याचं नाव असतं त्याने ते मोडून काढायचं. तुला माहीत नव्हतं?"

मला कसं माहीत असणार! सभागृहातली प्रत्येक नजर माझ्यावर. बोलायला उभी राहिले तर तोंडातून निघालं, "सर्वच मुद्दे अत्यंत मोलाचे होते." एलेनीबाईंनी चष्मा काढला. "उद्या सगळे एकत्र जेवणार आहोत," त्या म्हणाल्या. "तोवर विचार कर. जिला माझं सगळंच पटतं, तिला मी वर्षभर बोलावून काय करू?"

रियाची गाडी

रिया नेपरव्हिलच्या स्टेशनवर घ्यायला आली होती. सोबत काकूही. मी गाडीत बसले आणि फुटलेच. रडू नाही आलं, राग आला. "तुम्हाला सांगते काकू, त्या म्हणतात मामा निवृत्त झाला! कुठं निवृत्त झाला? आमच्याकडे बी.कॉम. झालेली पोरंसुद्धा मामाच्याच दुकानात जातात. पदवी भिंतीवर असते आणि गादीवर मामा असतो. कोइमतूरला कुणी सर्टिफिकेट बघत नाही, 'तू कुणाचा?' एवढंच विचारतात. प्रमाणपत्राने काय होतंय? किलोभर सोनं कुणाच्या हातात द्यायचं, हे काय प्रमाणपत्र बघून ठरवतात?"

पुढच्या सिग्नलला रियाने गाडी थांबवून मागे पाहिलं. "वेट. ताई, धिस इज द थिंग! तू हे तिला का नाही बोललीस?"

"अगं, त्या केवढ्या मोठ्या आहेत. पाहुण्या आहेत."

"शी आस्क्ड यू टु!"

काकू हसायला लागल्या. "वैशाली, मी पण इथं आले तेव्हा असंच. ऑफिसात मीटिंगला सगळ्यांना मान डोलवायचे आणि घरी येऊन तुझ्या काकांशी भांडायचे. शेवटी ते म्हणाले, अगं, पगार ते देतात, भांडण मला का?"

"तेच तर! यू आर फायटिंग विथ द राँग पीपल," रिया म्हणाली. सिग्नल हिरवा झाला होता, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सगळ्या अमेरिकेत मी ऐकलेला तो पहिला हॉर्न.

ग्रीक गल्ली

शिकागोत ग्रीक लोकांची जुनी गल्ली आहे. जेवण तिथल्या एका खानावळीत होतं. भिंतीवर निळं-पांढरं समुद्रकिनाऱ्याचं चित्र, टेबलं खेटून. सुरुवातीलाच वेटरने तव्यावर चीज आणलं, त्यावर दारू ओतली, काडी लावली आणि "ओपा!" असा ओरडला. ज्वाळा हातभर वर गेल्या. सगळे मागे सरकले. मी पुढे वाकून पाहत होते. भट्टीवरच्या माणसाची मुलगी मी, आग पाहून मला घरच्यासारखं वाटतं.

"हे अथेन्समध्ये कुणी करत नाही," एलेनीबाई वैतागून म्हणाल्या. "हा शिकागोचा शोध आहे. आम्ही चीज तळतो आणि गुपचूप खातो." त्यांच्या खांद्यावर माझी शाल होती. खानावळीत गारठा होता.

मी लिंबू पिळून एक तुकडा तोंडात टाकला. खारट, कुरकुरीत, चिवट. गिळला आणि बोलले, "कीरिया एलेनी, काल तुम्ही बोललात ते चुकीचं आहे."

माझे कान गरम झाले होते, पण गाडीत बोलले होते ते सगळं मी बोलले. मामा निवृत्त झालेला नाही, त्याने फक्त भाच्याला आधी शाळेत पाठवायला सुरुवात केली.

"ते तुमच्याकडे," एलेनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पुरावा?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "निकोस, तुमच्या विभागात पीएच.डी.ची जागा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

निकोस ग्लासमधलं पाणी प्यायला लागला.

"निकोस?" एलेनीबाई.

"मामाने," निकोस म्हणाला.

टेबलावर असा हशा झाला की वेटर आणखी एक चीज पेटवायचं का विचारायला आला. पण एलेनीबाई हसता हसता थांबल्या. त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "आणि तू? तुला कुठल्या मामाने पाठवलं?"

मी मनातल्या मनात मामा मोजले. मला तीन मामा. तिघेही गलाईत. माझ्या भावांना त्यांनी नेलं, मावसभावांना नेलं. पोरगा आठवी-नववीत रेंगाळला की मामा येऊन घेऊन जायचा. मला न्यायचा विषयसुद्धा कधी निघाला नाही. भट्टीवर मुलगी कशाला? त्या धंद्याबद्दल मला जे काही कळलं, ते कॉलेजात शिकून, प्रश्नावल्या घेऊन, माझ्याच मामांच्या दुकानात परकी म्हणून बसून कळलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "मी कॉलेजातून आले."

"माझी आजी लहान असताना स्मिर्नाहून बोटीने आली," एलेनीबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तिचे सगळे मामा तिकडेच राहिले. पुढे तिची मुलगी, म्हणजे माझी आई, या शाळेत शिकली. मी काल शाळेबद्दल बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती होती."

"मग तुमचंही बरोबर आहे," मी म्हटलं. पण या वेळी मला तिथेच थांबायचं नव्हतं. "पण अर्धंच. निकोसचा मामा अजून गादीवर आहे. तुम्ही आईकडे बघून सगळ्या देशाचं लिहिलंत. मी वडिलांच्या भट्टीकडे बघून लिहीत होते, आणि माझ्या प्रबंधाच्या पाचशे पानांत मी स्वतः कुठेच नाही. ज्यांना मामा न्यायला येत नाही त्यांचं या शाळांनी काय केलं, ते दोघींनीही लिहिलेलं नाही."

एलेनीबाईंनी टेबलावर हात आपटला. ऑलिव्हची वाटी उडाली. "हे काल का नाही बोललीस? मला नारळ देत बसलीस!"

मग दोन तास आम्ही भांडलो. कोकराच्या मांसाचा रस्सा आला, भात भरलेली द्राक्षाची पानं आली (दिसायला हुबेहूब आपली अळूवडी, पण चव अगदीच आंबट), मधात बुडवलेलं काहीतरी गोड आलं. काय काय खाल्लं ते मला नीट आठवत नाही. भांडण शब्दन्‌शब्द आठवतं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाशी मी असं बोलत होते आणि समोरच्या बाईंचा चेहरा खुलत चालला होता.

शेवटची सकाळ

कार्यशाळा संपली. मी फिरत्या दाराजवळ निकोसचा निरोप घेत होते, तेवढ्यात एलेनीबाई कॉफीचा कप घेऊन आल्या.

"जानेवारीत ये," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळचं टेबल देईन. मोर्च्यांचा आवाज येतो, चालेल ना?"

अथेन्स! मला! निकोसने माझ्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा भानावर आले. डोळे भरून आले होते. "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि बोलले भलतंच.

"जानेवारीत नाही जमणार."

निकोसच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाची परीक्षा एप्रिलमध्ये आहे," मी म्हटलं. "अर्धा अभ्यासक्रम राहिलाय. वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत, आणि वर्षाच्या मधेच माझ्याऐवजी शिकवायला कॉलेजला दुसरं कुणी मिळणार नाही. मी मेमध्ये येते."

"नियम जानेवारीचा आहे."

"मग जे शिकवतात त्यांच्यासाठी तो नियम चुकीचा आहे, कीरिया एलेनी."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. घाईने नाही, सावकाश. मला मात्र शब्द मागे घ्यावेसे वाटत नव्हते.

"समितीत मला यासाठी भांडावं लागेल," त्या अखेर म्हणाल्या.

"तुम्हाला आवडतं ते."

निकोस एकदम भिंतीकडे वळून खोकायला लागला. एलेनीबाईंनी शाल सारखी केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "ठीक आहे. मे. पण मेपासून अथेन्समध्ये ऊन फार तापतं, हे आधीच सांगून ठेवते."

"मी विट्याची आहे," मी म्हटलं. "उन्हाचं मला सांगू नका."